पंचवीसातले वीस

“उतरतोय,” मी म्हणाले. “काळजीचं काही नाही.”

शमीममॅडम माझ्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीत बसून डबा खात होत्या. सकाळचे नऊ बत्तीस झाले होते. वेळ नक्की सांगता येते, कारण तेव्हा मी सगळ्याच गोष्टींच्या वेळा वहीत लिहून ठेवत असे.

“काय उतरतोय?”

“लोड. हे बघा.” मी स्क्रीनवरच्या तीन आकड्यांवरून बोट फिरवलं. ८.७६, ७.८६, ६.६१. “आधी आठच्या वर होता, मग खाली आला, आता साडेसहा.”

“बरं झालं बाई,” त्या म्हणाल्या आणि चपातीचा तुकडा दह्यात बुडवला. “तू इन्चार्ज आहेस म्हणून मला झोप लागते.”

त्यांच्या बोलण्यातलं कौतुक किती आणि टोमणा किती हे मला कधीच मोजता आलं नाही.

आमच्या भौतिकशास्त्र विभागात सगळ्यांचं मिळून एकच मोठं मशीन होतं. लिनक्सवर चालणारं, आठ कोअरचं, म्हणजे एका वेळी आठ कामं पेलणारं, आणि एकदा खायला बसलं की उठत नसे म्हणून त्याचं नाव बकासुर. मी नुकतीच एमएस्सी झाले होते आणि दोन महिन्यांपूर्वी बकासुराची देखभाल माझ्याकडे आली होती. माझ्या आधीच्या मुलाने जाताना पाच मिनिटांत सगळं समजावलं होतं. “तीन आकडे दिसतात, तो लोड. आठ कोअर आहेत, आठपर्यंत ठीक. वर गेला की नियम.”

नियम विभागप्रमुख बिडकर सरांचा होता. लोड आठच्या वर टिकून राहिला, तर कॉरिडॉरमधली पितळी घंटा वाजवायची. ती ऐकून कोणी आपणहून आपलं काम बंद केलं तर उत्तम. पंधरा मिनिटांत कोणी केलं नाही, तर सर्वांत जुनं चाललेलं काम इन्चार्जने बंद करायचं. सर म्हणायचे, पंगतीत जो आधी बसला त्याने आधी उठावं.

त्या आठवड्यात सगळे परीक्षेच्या कामात अडकले होते. बकासुरावर एकाच व्यक्तीचं काम चालू होतं, आणि ते बावीस दिवसांपासून चालू होतं. ते शमीम मुजावर यांचं.

त्या जयसिंगपूरच्या एका ज्युनियर कॉलेजात शिकवायच्या. वय चाळीसच्या आसपास. आठ वर्षांपासून पीएचडी करत होत्या. जमिनीतल्या लहान हादऱ्यांच्या लहरी खडकांतून कशा वळतात, असा विषय. त्यांच्या गणिताचा प्रोग्रॅम त्यांच्या गाईडनी तरुणपणी लिहिलेला होता, आणि त्यात मधलं काही जपून ठेवायची सोय नव्हती. मध्ये थांबला की पहिल्यापासून. अजून दोन दिवसांत तो संपणार होता. नोंदणीची मुदत त्यानंतर नऊ दिवसांनी संपत होती. पुन्हा चोवीस दिवस त्यांच्याकडे नव्हते.

म्हणून त्यांनी रजा टाकली होती. रोज पहिल्या बसने यायच्या आणि सर्व्हरच्या खोलीत बसून राहायच्या. मला ते जरा विनोदी वाटायचं. मशीन काही त्या बसल्या म्हणून जास्त पळणार नव्हतं.

दहा वाजून दोन मिनिटांनी मी पुन्हा बघितलं. १४.८५, १४.०१, १२.०७.

“उतरतोय का?” मागून आवाज आला.

“हो. चौदावरून बारावर आलाय.”

“अगं, पण मघाशी साडेसहावर आला होता ना?”

“हो.”

“मग साडेसहावरून चौदावर कधी गेला?”

“मध्ये वाढला असेल. आता परत उतरतोय.”

“कमाल आहे. जेव्हा बघावं तेव्हा उतरत असतो, आणि जेव्हा बघावं तेव्हा आधीपेक्षा वर असतो.” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “देवकीबाई, काळ डावीकडून उजवीकडे जातो हे तुला कोणी सांगितलं?”

“ग्राफमध्ये तसाच जातो की.”

“हा ग्राफ आहे?”

मी कमांडचं माहितीपान उघडलं. तीन ओळींत सगळं लिहिलेलं होतं. पहिला आकडा गेल्या एका मिनिटाची सरासरी, दुसरा पाच मिनिटांची, तिसरा पंधरा मिनिटांची. म्हणजे सर्वांत ताजी बातमी डावीकडे, आणि उजवीकडचा आकडा सर्वांत मागे रेंगाळणारा. दोन महिने मी बकासुराचा चढ उतार म्हणून वाचत होते आणि उतार चढ म्हणून.

“चढतोय,” मी म्हणाले.

“हरकत नाही. मीसुद्धा घरी वजनाचे आकडे आता उलटेच वाचणार.”

पण मला हसू येईना. मशीन कधीचं चढणीवर होतं आणि मी वहीत शांतपणे ‘उतरतोय, १०.०२’ असं लिहिलं होतं. मी ती ओळ खोडली. मग मला नेहमी जे होतं तेच झालं. चूक कळली की ती भरून काढायची मला फार घाई होते. दर काही मिनिटांनी बघत राहिले. सतरा. अठरा. साडेदहाला एकवीस झाला.

मी उठले.

“कुठे?” शमीममॅडमनी विचारलं.

“घंटा वाजवायला.”

मशीनवर दुसरं कोणीच नव्हतं. घंटा कोणासाठी वाजणार हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

परीक्षेमुळे कॉरिडॉर रिकामा होता. मी नियमाप्रमाणे तीन टोल दिले. कोणी आलं नाही. फक्त बिडकर सर आपल्या खोलीतून गुडघा धरत बाहेर आले.

“किती?”

“एकवीस, सर.”

“एकवीस? अख्खं गाव जेवायला बसलंय का? कोण आहे मशीनवर?”

“फक्त मुजावरमॅडम.”

सरांनी जरा श्वास घेतला. ते वाईट माणूस नव्हते. पण नियम त्यांनी स्वतः केला होता, आणि दोनच वर्षांपूर्वी त्यांच्याच भाच्याचं काम त्यांनी त्या नियमाखाली बंद करवलं होतं. ती गोष्ट ते सगळ्यांना सांगत.

“पंधरा मिनिटं थांब,” ते म्हणाले. “मग नियम. आणि बाईंना नीट समजावून सांग. मी खोलीत आहे. हा गुडघा आज उभं राहू देत नाही.”

मी परत आले तेव्हा शमीममॅडम माझ्या खुर्चीत, स्क्रीनसमोर बसल्या होत्या. मला बघून उठल्या आणि प्लास्टिकच्या खुर्चीत गेल्या.

“मॅडम,” मी म्हणाले, “तुमचा प्रोग्रॅम बंद करावा लागेल. पावणेअकराला.”

“बरं.”

मी वाद घालायच्या तयारीने आले होते. त्या ‘बरं’ने माझी पंचाईत झाली.

“लोड एकवीस आहे. असाच राहिला तर मशीन कोलमडेल. मग तसंही तुमचं काम जाणारच. आणि मशीनवर तुमच्याशिवाय कोणीच नाही, म्हणजे हा लोड तुमचाच.”

“असेल. मी कुठे नाही म्हणते? तू थांबव. फक्त मला एका कागदावर कारण लिहून दे. आठ वर्षं झाली, गाईडना जाऊन तोंडी काय सांगू? लोड किती होता, त्यात माझ्या कामाचा किती, सगळं नीट आकड्यांत लिही. तुझं अक्षर चांगलं आहे.”

हे मला अगदी रास्त वाटलं. मी कागद घेतला, समास आखला, तारीख घातली. ‘सकाळी १०.३६. एकूण लोड’ असं लिहून आकड्यासाठी जागा सोडली. पावणेअकरा होईपर्यंत तो बदलणार होता.

“लोड म्हणजे काय, तेही एका ओळीत लिही,” त्या म्हणाल्या. “गाईड जुने आहेत. विचारतील.”

“मशीनवर पडणारा ताण.”

“कशात मोजतात? किलोत?”

मी पेन थांबवलं. आठ हा कोअरचा आकडा होता हे मला माहीत होतं. पण एकवीस काय? एकवीस टक्के नव्हे, एकवीस सेकंद नव्हे. ज्या राशीचं एकक माहीत नाही ती राशी मी दोन महिने वहीत लिहीत होते. प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाच्या मुलाने असं केलं असतं तर मी त्याला अर्धे गुण दिले असते.

पुन्हा माहितीपानं उघडली. या वेळी घाई न करता वाचलं.

“ही मोजणी आहे,” मी हळूच म्हणाले. “सरासरी किती प्रोसेस, म्हणजे कामं, एकतर चालू आहेत, नाहीतर थांबून आहेत, त्यांची.”

“म्हणजे आमच्या जयसिंगपूरच्या गिरणीसारखं. ज्याचं दळण चालू आहे तोही मोजायचा, आणि डबा घेऊन रांगेत उभा आहे तोही.”

“हो. पण लिनक्समध्ये आणखी एक प्रकार मोजतात. गिरणीसाठी नव्हे, डिस्कसाठी खोळंबलेले. म्हणजे...” मला उदाहरण सुचेना.

“म्हणजे डबा रांगेत ठेवलाय, पण ज्वारी अजून घरून यायची आहे. तो पुढेही सरकत नाही आणि घरीही जात नाही.”

“तसंच.”

“मग लिही. माझे किती?”

मी मशीनची यादी काढली. ती मी नेहमीच बघत असे, पण फक्त वरची. सर्वांत जास्त राबणारे सर्वांत वर, असा तिचा क्रम असतो. वर शमीममॅडमचे पाच प्रोसेस होते, प्रत्येक जण एक कोअर पूर्ण वापरत असलेला. ‘मुजावर यांचे ५’ असं मी लिहिलं.

“आणि बाकी तीन कोअर?”

“मोकळे आहेत.” हे म्हणताना माझाच आवाज मला वेगळा वाटला.

पावणेअकरा होऊन गेले. बंद करायची कमांड मी आधीच टाइप करून ठेवली होती. एक कळ दाबायची राहिली होती. पण कागदावर अठरा-एकोणीस उरत होते आणि ते कोणाचे ते लिहिता येत नव्हतं. गिरणीत आठ जाती, त्यातली तीन रिकामी फिरताहेत, आणि तरी लोक खोळंबलेले. बाकी जुळत नसेल तर कागदावर सही करणं मला जमत नाही.

मी यादी खाली सरकवली. खूप खाली. जिथे काहीच काम न करणारे असतात तिथपर्यंत.

तिथे ते होते. शून्य टक्के, शून्य टक्के, शून्य टक्के, एकाखाली एक. प्रत्येकासमोर ‘डी’ हे अक्षर, म्हणजे डिस्ककडून उत्तर येईपर्यंत हलणार नाही अशा अवस्थेतला. मी पेनाचं टोक स्क्रीनला टेकवत मोजले. वीस. घड्याळात दहा एक्कावन्न झाले होते आणि लोडचा पहिला आकडा पंचवीसला टेकला होता. पाच आणि वीस.

मालकाच्या रकान्यात वीसही ओळींवर एकच नाव होतं. माझं.

मागून बांगड्यांचा आवाज आला, पण प्रश्न आला नाही.

विभागाच्या सामानाच्या खोलीत बॅकअपची एक जुनी पेटी होती, बकासुराला केबलने जोडलेली. कामावर आल्याच्या पहिल्या आठवड्यात मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. दर पाच मिनिटांनी ती त्या पेटीला विचारायची, तुझ्यात किती जागा उरली, आणि उत्तर टिपून ठेवायची. त्यातून मी सरांना रंगीत ग्राफ काढून दिला होता आणि त्यांनी तो भिंतीवर लावला होता. आता पेटी उत्तर देत नव्हती. पहिली स्क्रिप्ट उत्तराची वाट बघत थांबली होती. पाच मिनिटांनी दुसरी आली आणि तिच्या मागे उभी राहिली. मग तिसरी.

“दर पाच मिनिटांना एक,” मी म्हणाले. “वीस आहेत. शेवटची दहा पन्नासची. म्हणजे पहिली अडकलेली सव्वानऊची. नऊ दहाची उत्तर घेऊन गेली. पेटी नऊ दहा आणि नऊ पंधराच्या मध्ये गप्प झाली.”

“लोड बघून वेळ काढलीस?”

“वजाबाकी आहे फक्त.”

“नऊ दहाच्या जरा नंतर,” शमीममॅडम म्हणाल्या, “मी आले तेव्हा सर सामानाच्या खोलीतून बाहेर पडत होते. लंगडत.”

सामानाच्या खोलीत एकच सॉकेट होतं. पेटीची वायर जमिनीवर व्यवस्थित गुंडाळून ठेवलेली होती, आणि सॉकेटमध्ये गुडघा शेकायची एक निळी इलेक्ट्रिक पिशवी लावलेली होती. हात लावला तर चांगलीच कढत.

मी सरांना बोलावून आणलं. ते पिशवीकडे आणि मग वायरकडे बघत राहिले.

“दहाच मिनिटं लावणार होतो,” ते म्हणाले.

“एक तास चाळीस मिनिटं झाली, सर. जास्तीत जास्त एक तास पंचेचाळीस.”

“तू बघत होतीस?”

“बकासुर मोजत होता,” शमीममॅडम म्हणाल्या. “घ्या सर, पिशवी घ्या. आता छान शेक बसेल.”

सरांनी पिशवी काखेत धरली. “नियमात याची तरतूद नाही,” असं काहीतरी पुटपुटले आणि गेले.

पेटी लावली. ती सुरू व्हायला चार मिनिटं लागली. मग यादीतल्या माझ्या ओळी मी बघत असतानाच निघून गेल्या, सगळ्या एकदम, जणू कोणी दार उघडलं. एका मिनिटात पहिला आकडा धावत खाली आला. तिसरा अजून वीसच्या पुढेच होता.

मी टाइप करून ठेवलेली कमांड एकेक अक्षर करून पुसली. मग स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली, की आधीची परत आली नसेल तर दुसरी पाठवायची नाही.

संध्याकाळी मी शमीममॅडमना बसस्टॉपपर्यंत सोडायला गेले. माफी मागायची होती, पण सुरुवात कशी करावी कळत नव्हतं.

“तुम्ही कागद मागितला नसता तर मी बंदच केलं असतं,” मी म्हणाले.

“म्हणून तर मागितला.”

मी चालता चालता थांबले.

“तू घंटा वाजवायला गेलीस ना,” त्या म्हणाल्या, “तेव्हा मी यादी खाली सरकवून बघितली. सोळा ओळी. देवकी, देवकी, देवकी. तीनशे पानांच्या प्रबंधात माझंही नाव एवढ्या वेळा नाही.”

“तुम्हाला माहीत होतं? मग सांगितलं का नाही?”

“कोणाला सांगू? तू तीन टोल देऊन आली होतीस. सरांना आकडा सांगून आली होतीस. अशा वेळी तुला तुझंच नाव दाखवलं असतं, तर तू आधी ते कसं चुकीचं दिसतंय ते सिद्ध केलं असतंस. मी वीस वर्षं अकरावी-बारावीला शिकवते. हुशार पोरांना चूक दाखवायची नसते, त्यांना हिशेब मांडायला सांगायचा असतो. माझ्यावर तुला दया आली नसती कदाचित, पण बाकी उरलेली तुला बघवत नाही.”

“आणि मी बाकीकडे न बघता कळ दाबली असती तर?”

“तर हात धरला असता की तुझा. मी काय वेडी आहे? आठ वर्षं घातलीत मी.” त्यांनी पर्समधून पासची प्लास्टिकची घडी काढली. “बावीस दिवस मी त्या खुर्चीत काय मशीनकडे बघत होते असं वाटलं तुला?”

बस आली. मला वाटत होतं त्यापेक्षा त्या चपळ होत्या. गर्दीत शिरून त्यांनी खिडकी पकडली आणि तिथून हात हलवला.

दोन दिवसांनी, गुरुवारी दुपारी तीन चाळीसला, त्यांचा प्रोग्रॅम संपला. काही आवाज झाला नाही. यादीतल्या वरच्या पाच ओळी नाहीशा झाल्या, एवढंच. मी निकालाची फाइल त्यांना उघडून दाखवली. त्यांनी पहिली आणि शेवटची ओळ वाचली, मग स्क्रीनवर लोड दाखव म्हणाल्या.

“आता कशाला?”

“दाखव ना.”

मी दाखवला. मग आम्ही दोघी बघत राहिलो. सात मिनिटांनी आकडे असे होते: ०.०१, १.२३, ३.१३.

“पहिल्याला कळलंय, संपलं,” शमीममॅडम म्हणाल्या. “तिसऱ्याला अजून पटत नाहीये.”

“पटेल. तो पंधरा मिनिटांचं धरून बसतो. पाऊण तासात पाव होईल.”

“बसूया तोपर्यंत,” त्या म्हणाल्या. “मलाही पटलेलं नाही.”

त्यांनी प्लास्टिकची खुर्ची ओढून माझ्या शेजारी घेतली. नेहमीच्या बसची वेळ होऊन गेली. चार सत्तावीसला तिसरा आकडा पावच्या खाली गेला, तेव्हा मी वेळ लिहायला वही उघडली, पण त्या रडत होत्या, म्हणून तशीच मिटली.